तात्यांना येणाऱ्या हाका

कुंडलिकतात्या कधी दार वाजवत नसत. आमच्या घोडेगावच्या कॉलेजातल्या संगणकाच्या खोलीला दार आहे, दाराला कडी आहे, आणि त्या सकाळी ते सताड उघडंही होतं. समोर टेबलाशी मी बसले होते. तात्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हाक मारली, "हाय का कोनी घरात?"

"दिसत नाहीये का? मी काय भूत आहे?" मी म्हटलं. माझी जीभ पहिल्यापासूनच तिखट. पंचवीस वर्षं शिकवून ती आणखी धारदार झाली आहे.

"तसं न्हाई, बाई. आमच्याकडं दारंच न्हाईत, मंग वाजवनार काय? हाकच मारायची सवय."

तात्या शनिशिंगणापूरचे. तिथल्या घरांना चौकट असते, दार नसतं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्रं शिरू नये म्हणून कुणी फळी टेकवतं, कुणी पडदा लावतं. राखणारा देव बसला आहे, मग कुलूप कशाला, अशी तिथल्या जुन्या माणसांची श्रद्धा. तात्या तिच्यातच वाढले. विजेच्या खात्यात वायरमन म्हणून सगळा जन्म खांबावर काढला आणि निवृत्त झाले, तरी खाकी पँट आणि खिशातला टेस्टर काही सुटला नव्हता. बोलताना हात नकळत त्या टेस्टरकडे जायचा.

त्यांनी वहीतून फाडलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. मीटरच्या पाट्या वाचून वाचून त्यांना इंग्रजी अक्षरं येत होती. तशाच पाटीवरच्यासारख्या अक्षरांत एकाखाली एक नावं उतरवलेली. रूट, अॅडमिन, टेस्ट, गेस्ट, डेव्हिड, मारिया, परत रूट, परत मारिया.

"ही मानसं कोन हायेत?" तात्यांनी विचारलं. "रोज माझ्या घरी येत्यात."

मला हसू फुटलं. तात्या हसले नाहीत, तेव्हा मी कागद जवळ ओढला.

त्यांचा मुलगा सुदाम माझा विद्यार्थी. हुशार, घुमा, आणि बापासारखाच हट्टी. पुढे शिकून तो गावातच परत आला आणि घरातल्या मागच्या खोलीत त्याने स्वतःचा सर्व्हर मांडला. सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालू राहणारा संगणक, ज्याच्यावर दुसऱ्यांच्या वेबसाइट ठेवता येतात. आसपासचे दुकानदार, एक लॉजवाला, दोन-तीन शाळा, यांची कामं तो त्यावर सांभाळायचा. पुढे तो घर सोडून गेला, एवढं माझ्या कानावर होतं. कशामुळे गेला, ते तात्यांनी सांगितलं नाही. मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांच्या बायकोने, तान्हाबाई काकूंनी सांगितलं.

सुदामला त्या खोलीला दार हवं होतं. लोकांचा माल आपल्याकडे आहे, त्यांचा भरवसा आहे, एवढंच त्याचं म्हणणं. बापलेकांत महिनाभर धुसफूस चालली. शेवटी सुदामने सोनईहून लोखंडी दार आणून बसवलं आणि कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी तो कामासाठी नगरला गेला. नाव बदललं तरी आमच्या तोंडून अजून नगरच निघतं. तो परत यायच्या आत तात्यांनी पहारीने बिजागऱ्या उचकटल्या आणि दार परसात नेऊन टाकलं.

"पोरगं आलं, चौकटीकडं बघितलं, हातपाय धुतलं, जेवलं," काकू सांगत होत्या. "येक शबुद बोललं न्हाई. सकाळी बॅग घिऊन गेलं. भांडला असता तर बरं झालं असतं, बाई. वरडला असता."

त्याचा फोन तेव्हापासून बंद. मित्रांना पत्ता नाही. पोलीस म्हणाले, सज्ञान आहे, स्वतःच्या पायाने गेला आहे. मागे राहिली ती पेटी. काकू तिला पेटीच म्हणायच्या. पेटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती: "बंद करू नका." खाली मुख्य पासवर्ड. बापाला नाही, आईला नाही, कुणालाच उद्देशून नसलेली तीन शब्दांची चिठ्ठी. तात्यांनी ती वाचली आणि त्या दिवसापासून पेटी एक क्षणही बंद पडू दिली नाही. दोन बॅटऱ्या आणल्या, त्यांत पाणी घालायचे वार ठरवले. वादळवाऱ्यात गावाची वीज गेली तर साठी उलटलेला हा माणूस खांबाखाली जाऊन उभा राहायचा आणि नव्या वायरमनच्या मागे लागायचा. "लाईन चालू हाय तवर पोरगं हाय," असं ते म्हणत. त्यांचं ते ठरलेलं वाक्य.

पेटीच्या स्क्रीनवर ओळी सरकत असायच्या. कोण कधी आत यायला बघतं त्याची नोंद. ती बघून तात्यांनी नावं उतरवून आणली होती.

मी त्यांना समजावलं. प्रत्येक संगणकाला इंटरनेटच्या बाजूने हजारो दारं असतात, जगभरातली यंत्रं दिवसभर कुणाचं कोणतं दार उघडं आहे ते चाचपत हिंडतात, आणि उघडं दिसलं की ठरावीक नावं आणि ठरावीक पासवर्ड लावून बघतात. यात माणूस नसतो. शिंगणापुरातली पेटी आहे की सातासमुद्रापारची, हे त्यांच्या गावीही नसतं.

"मानूस न्हाई म्हनता, मंग मारिया कोन?"

"कुणी नाही हो! यादीतलं एक नाव."

"पन रोज येती. काल चारदा आली."

"यंत्र आहे ते, तात्या!"

"असंल," ते म्हणाले, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या पंचवीस वर्षांच्या शिकवण्याचा या माणसावर काडीचाही परिणाम झालेला नाही. त्यांच्या लेखी कुणी चौकटीशी येऊन नाव सांगत होतं. घरातल्याने ऐकायला नको?

मग ते हळूच म्हणाले, "यात सुदाम कदी आलता का, तेवडं बघा."

खरं कारण हे होतं. मागच्या खोलीत पेटीपुढे बसून मी चिठ्ठीवरचा पासवर्ड घातला आणि जुन्या नोंदी उघडल्या. सुदामने स्वतःसाठी जे खातं केलं होतं त्याचं नाव 'तान्हाबाई' होतं. आईचं नाव, इंग्रजी अक्षरांत. मी ते मोठ्याने वाचलं, तशी काकूंनी तोंडाला पदर लावला. आणि खाली खाली जाताना मला ती ओळ सापडली. घर सोडल्यावर दोन महिन्यांनी, एका सकाळी, तान्हाबाई आत आली होती. बरोबर पासवर्ड, पहिल्याच झटक्याला. चार मिनिटं थांबली आणि गेली. काही उघडलं नाही, काही नेलं नाही, काही ठेवलं नाही.

"चार मिन्टं काय केलं मंग त्यानं?" तात्यांनी विचारलं.

मी ती ओळ पुन्हा वाचली. त्या सकाळी हे दोघं याच घरात होते, चूल पेटली असेल, दूध तापलं असेल, आणि पोरगा या खोलीत येऊन चार मिनिटं नुसता उभा राहून गेला होता. सरकणाऱ्या शेकडो ओळींत ती ओळ कुणाच्या लक्षात येणार?

त्या दिवसापासून तात्यांनी स्क्रीनसमोरचं स्टूल सोडलं नाही.

त्यांनी माझ्याकडे एकच काम मागितलं. येणाऱ्याला काही लिहून दाखवता येतं का? येतं. दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला, आत येण्याआधी, दोन ओळी दिसतील अशी सोय असते. मोठ्या कचेऱ्या तिथे दमदाटी लिहितात. तात्यांनी सांगितलं ते मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं: "दार उघडं हाय. आत ये. तात्या." जगभरातली चोरटी यंत्रं शिंगणापुरात येऊन ते आमंत्रण वाचू लागली. मला ते फार मजेशीर वाटलं. स्टाफरूममध्ये मी ते रंगवून सांगितलंसुद्धा. आज त्याची लाज वाटते.

मी त्यांना चांगले सल्लेही दिले. या दारांना क्रमांक असतात, नेहमीच्या क्रमांकाचं दार बदलून आडबाजूच्या क्रमांकाचं घेऊ, म्हणजे निम्मा त्रास जाईल. तात्या म्हणाले, "पोराला जुनंच दार म्हाईत हाय. घर हालवलं तर त्यानं हुडकायचं कुटं?" पासवर्डऐवजी पक्की किल्ली, म्हणजे येणाऱ्याच्याच संगणकावर राहणारी एक फाइल, ठेवू म्हटलं, तर म्हणाले, "किल्ली त्याच्याकडं हाय का?" नव्हती. मग ठेवायची कशी! या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

दीड वर्ष असं गेलं. तात्या वाळत चालले. शेत वाट्याने दिलं. शनी अमावास्येला सगळं गाव भाविकांनी फुलून जातं, पाय ठेवायला जागा नसते, तेव्हाही हा माणूस मागच्या खोलीत पेटीवरचा दिवा लुकलुकताना बघत बसलेला. दिवा जोरात लुकलुकला की मान वर व्हायची. "आलं कोनतरी." मग डोळे बारीक करून नाव वाचायचं. "न्हाई, गेस्ट हाय." पुन्हा मान खाली. दिवसाला हजारो हाका यायच्या. ताटातलं जेवण निवून जायचं. मी जाऊन बसले तर मलाही बोलता बोलता दिव्याकडे बघायची सवय लागली. दिवसाढवळ्या, बाहेर ऊन तापलेलं असताना, त्या खोलीत बसून वाटायचं, चौकटीबाहेर माणसांची रांग लागली आहे आणि आपल्यालाच ती दिसत नाही.

एकदा काकू मला बस स्टँडपर्यंत सोडायला आल्या. रस्त्यात माझा हात धरला.

"बाई, येक गेलं. दुसरं डोळ्यादेखत चाललंय. त्या हाका तेवड्या बंद करा. तुमच्या पाया पडते."

"त्यांना कळलं तर?"

"न्हाई कळत. तुमी सांगू नका, मी सांगनार न्हाई."

मी परत फिरले. तात्यांना सांगितलं, पेटीची देखभाल करायची आहे. ते काठी टेकत अंगणात जाऊन बसले, इतका माझ्यावर विश्वास. मी नियम घातला. तीनदा चुकीचा पासवर्ड दिला की ती हाक जिथून आली तो इंटरनेटवरचा पत्ता कायमचा बाहेर. पुन्हा आला तर त्याला आमंत्रण दिसायचं नाही, उत्तर मिळायचं नाही, आत काही आहे याचासुद्धा पत्ता लागायचा नाही. त्याची ओळही स्क्रीनवर उमटायची नाही. हा नियम मी कॉलेजातल्या पोरांना पहिल्याच महिन्यात शिकवते. शहाण्या माणसाने तो घालायलाच हवा. दहा मिनिटांचं काम.

आठवड्याभरात हजारांच्या हाका पाच-पन्नासांवर आल्या.

"बाई, हाका कमी झाल्या वं," तात्या फोनवर म्हणाले.

"दमले असतील चोर."

"दमत न्हाईत वं ती. तुमीच म्हनला हुता, मानसं न्हाईत म्हनून."

मी काहीतरी थाप मारली. त्यांनी ती मानली की नाही, देव जाणे. पण ते जेवायला लागले. सकाळी शेताकडे चक्कर मारू लागले. कांद्याच्या चाळीत जाऊन वाटेकऱ्याला चार शब्द सुनावू लागले. काकूंनी मला साडी नेसवली. मीही मनातून फुशारले, खोटं कशाला सांगू? एका माणसाला आपण भुताटकीतून सोडवलं, असं मला वाटत होतं.

पाडव्याला काकूंनी जेवायला बोलावलं. पुरणपोळी, कटाची आमटी. तात्या रंगात होते. पावसात खांबावर अडकलेलं वानर त्यांनी कसं उतरवलं, ती गोष्ट त्यांनी हातवारे करून सांगितली आणि मी ठसका लागेपर्यंत हसले.

पाडव्यानंतर दोन महिन्यांनी पेटीत जागा कमी पडू लागली, म्हणून मी जुन्या नोंदी काढून टाकायला गेले. तात्या शेतात होते. बाहेर अडवलेल्यांची यादी प्रचंड लांब झाली होती. न बघताच पुसणार होते. काय मनात आलं कोण जाणे, मी त्यात एक नाव शोधून बघितलं. नुसतं आपलं बघू म्हणून.

तान्हाबाई.

जगातल्या कुठल्याही यंत्राच्या यादीत तान्हाबाई नसते. हे नाव त्या दाराशी येऊन सांगणारा माणूस या पृथ्वीवर एकच होता. दुपारी दीड वाजता तो आला होता. पासवर्ड चुकला. इतक्या दिवसांनी कुणाला आठवणार? पुन्हा घातला, चुकला. थोडा वेळ थांबून तिसऱ्यांदा घातला. मग माझ्या नियमाने त्याला बाहेर काढलं. त्यानंतर पाऊण तासात त्याच पत्त्यावरून तो अकरा वेळा परत आला होता. अकरा वेळा त्याला कुणी ओ दिली नाही.

तारीख पाडव्याची होती.

मी त्या वेळी भिंतीपलीकडे पानावर बसले होते. तात्या वानराची गोष्ट सांगत होते आणि मी हसत होते. "दार उघडं हाय, आत ये" हे बापाचे शब्द त्याने तीनदा वाचले असणार, आणि त्यानंतर सगळं चिडीचूप. काय समजला असेल तो? बापाने बोलावून तोंडावर दार लावलं, असंच ना? नियम मी तिथल्या तिथे काढून टाकला, पण तो पत्ता मोबाईलवरचा होता, आज एकाचा तर उद्या दुसऱ्याचा. त्याच्या मागे जायला वाट नव्हती.

सांगावं की गिळून टाकावं? सांगितलं नसतं तर कुणालाही कळलं नसतं. तासभर मी त्या स्टुलावर बसून होते. मग तात्या आले, चौकटीबाहेर थांबले, आणि स्वतःच्याच घरात हाक मारली, "हाय का कोनी?" मला रडू कोसळलं. रडत रडतच सगळं सांगितलं. काकूंचं नाव घेतलं नाही. पण काकू मागे येऊन उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "मीच सांगितलं हुतं त्यास्नी."

तात्या चिडतील, मला हाकलून देतील, असं वाटलं. तसं झालं असतं तर मला बरंच वाटलं असतं. ते खाली बसले. खिशातला टेस्टर काढून हातात फिरवत राहिले.

"म्हंजी आलता," ते म्हणाले.

"हो."

"किती डाव हाक मारली?"

"आधी तीन. मग अकरा."

त्यांनी बोटांवर मोजलं. दोन्ही हातांची बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"मी त्याचं दार काढलं," ते म्हणाले. "तुमी लावलं. दोगांनीबी त्यालाच भाईर ठिवलं, बाई." आवाजात राग नव्हता. एखादी बिघडलेली लाईन कुठे तुटली ते शोधून सांगावं, तसं ते सांगत होते. "तुमी मायेनं केलं. मीबी वाईट म्हनून न्हवतं केलं. पन ज्याचं दार हाय त्याला इचारलं न्हाई दोगांनीबी."

त्यानंतर ते स्टुलावर बसले नाहीत. म्हणाले, आता तो हिकडनं यायचा न्हाई. पण पेटी चालू ठेवली, बॅटऱ्यांत पाणी घालत राहिले. पावसाळा सरता सरता छातीत दुखायला लागलं, नगरच्या दवाखान्यात चार दिवस काढले आणि तिथेच गेले. घर माणसांनी भरलं. अग्नी पुतण्याने दिला. दिवसभर जो कुणी चौकटीतून आत येई, त्याच्याकडे काकू मान वर करून बघायच्या. मीही बघत होते.

तात्यांचं ते दाराविषयीचं वाक्य मी आता वर्गात मुलांना सांगते. दार लावताना आत कोण आहे याचाच विचार करतो आपण, बाहेर आपलं कुणी असेल हे ध्यानात घ्या, असं काहीबाही. मुलं वहीत उतरवून घेतात. त्यांना ते सुरक्षेविषयी वाटतं.

पेटी चालू आहे. नियम नाही, त्यामुळे हाका पुन्हा हजारांवर गेल्या आहेत. कॉलेज सुटल्यावर मी रोज वाट वाकडी करून शिंगणापूरला जाते आणि दिवसभराच्या नोंदी चाळते. ज्या काकूंनी हाका बंद करा म्हणून माझा हात धरला होता, त्याच आता चहा ठेवून माझ्या शेजारी बसतात. त्यांना वाचता येत नाही.

"कोन कोन आलतं?" त्या विचारतात.

मी वाचते. रूट. अॅडमिन. टेस्ट. डेव्हिड. त्या प्रत्येक नावाला मान हलवतात. यादी संपते.

"आन् माजं नाव?"

"नाही, काकू."

"नीट बगितलं का?"

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करते.